सईदाच्या हवाली केलेला नावांचा कोश

मी, नजीबा सालिह बूगर्रा, वय एकसष्ट, अविवाहित, राहणार जेंदूबा, नगरपालिकेच्या संगणक विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. परवा गुरुवारी पोटाचं ऑपरेशन आहे. हात थरथरत नाही, हे अक्षरावरून दिसेलच.

१. घराचा दोन तृतीयांश हिस्सा आणि जैतुनाची पंधरा झाडं कायद्याने माझा भाऊ नूरी याची. “यंत्राशीच निकाह लाव” असं तो तीस वर्षं म्हणत आला. पण छप्पर गळलं की शिडी घेऊन तोच यायचा, म्हणून तक्रार नाही.

२. मृत्युपत्राने मला देता येतो त्या राहिलेल्या एक तृतीयांशात रस्त्याकडची खोली, संगणक आणि त्यातला नावांचा कोश मी सईदा झरूकी हिला देते. ती माझी नातेवाईक नाही, म्हणून कारण लिहिते.

एकोणीस वर्षांपूर्वी नदीला पूर आला आणि गावातली माणसं तीन इस्पितळांत विखुरली. इस्पितळांच्या याद्या फ्रेंच अक्षरांत, नातेवाईक विचारणार अरबीत. मी कचेरीतल्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये एक डिक्शनरी, म्हणजे हाच कोश, बनवली: डावीकडे फ्रेंच अक्षरांतलं नाव, उजवीकडे अरबी. डावं दिलं की उजवं मिळे आणि यादी आपोआप अरबीत येई. पहिल्याच दिवशी दोनशे घरांना आपली माणसं सापडली.

दुसऱ्या दिवशी मब्रूका खाला आल्या; नात्याच्या नव्हेत, वयाच्या मानाने सगळे त्यांना खाला म्हणत. मुलगी सईदा सापडत नव्हती. मी शोधलं. यादीत सईदा नावाचं कुणीच नव्हतं.

“नीट बघ, पोरी.”

मी तीनदा पाहिलं. आमचे साहेब अब्दुलवहाब मागून म्हणाले, “यादीत नाही म्हणजे नाही. बाई, शवागारात चौकशी करा.”

त्या गेल्या. तिसऱ्या दिवशीही तिथेच जाऊन आल्या.

त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. सईदा आणि सय्यदा ही आमच्याकडे दोन वेगळी नावं, पण फ्रेंच अक्षरांत दोन्ही एकसारखीच लिहितात. सईदा आधीच नोंदलेलं होतं; त्याच शब्दासमोर आदल्या सकाळी मी सय्यदा नोंदवलं होतं. डिक्शनरीत डावीकडच्या एका शब्दासमोर एकच उत्तर राहतं. नवं आलं की जुनं पुसलं जातं, आणि यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. माझ्या हातून गावातल्या सगळ्या सईदा सय्यदा झाल्या होत्या.

मी प्रत्येक शब्दासमोर एका उत्तराऐवजी उत्तरांची यादी ठेवली. पुन्हा शोधलं. सईदा झरूकी, तिसरं इस्पितळ, मांडीचं हाड मोडलेलं, जिवंत.

साहेब म्हणाले, “यंत्रात बिघाड होता असं सांग.” मी बाहेर चौकशीच्या रांगेत जाऊन, पुन्हा येऊन उभ्या राहिलेल्या खालांना सगळं खरं सांगितलं. चूक माझी, यंत्राची नाही. बोलताना मला रडू फुटलं.

त्या म्हणाल्या, “सापडली ना? मग रडायचं ते घरी जाऊन रड. माझ्यामागे अजून माणसं उभी आहेत.”

मी परत जाऊन बसले. रांग संपेपर्यंत उठले नाही.

३. साहेबांनी अहवालात ‘तांत्रिक बिघाड’ असंच लिहिलं आणि प्रशस्तिपत्रकही घेतलं. त्यांना मी वस्तू काही देत नाही. माफी देते. तीही आज सकाळीच ठरली, तेव्हा त्यांनी लवकर घ्यावी.

४. पाय बरा झाल्यावर सईदा एका शनिवारी माझ्या रस्त्याकडच्या खोलीत नावं तपासायला आली, आणि येतच राहिली. ती शिवणकाम करते. “ताई, तुमचा कोश एका बाजूने उसवलाय,” असं म्हणून तिने कितीतरी चुका काढल्या. हल्ली सरहद्दीपलीकडून सुदान आणि माली या देशांतली माणसं ताटातूट झालेल्या नातेवाइकांना शोधत येतात. त्यांची एकशे चाळीस नावं तिनेच भरली. मागच्या आठवड्यात उमू नावाच्या बाईला त्यामुळे भाऊ सापडला. ही खोली विकली जाऊ नये, दार शनिवारी उघडं असावं. कोश जो मागेल त्याला फुकट द्यावा.

५. सईदाला साक्षीदार व्हायचं होतं. जिला द्यायचं तिची सही चालत नाही, असं सांगितल्यावर ती रुसून कॉफी करायला गेली.

६. डॉक्टरीणबाईंच्या मते मी बरी होईन, आणि माझाही तसाच विचार आहे. शुद्धीवर आले तर हा कागद नूरीच्या पेटीत ठेवावा, आणि उमूच्या गावच्या नावांची यादी माझ्या खाटेपाशी आणून द्यावी. ती अर्धीच झाली आहे.

सही: नजीबा सालिह बूगर्रा

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी हे वाचून सही केली:
हमादी बूझय्यान, औषधविक्रेते
फत्हिया लगमानी, शेजारीण

जेंदूबा, मंगळवार, १४ मार्च २०२३