बगळ्याचा ठसा

५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. आपल्या कात्र्यांवरचं बगळ्याचं चिन्ह या देशात कुणाच्याच नावावर नाही, आपण अर्ज केला की काम झालं, असं मी कळवलं होतं. मी फक्त झालेल्या नोंदी पाहिल्या होत्या. आलेले अर्ज वेगळे पाहावे लागतात हे ठाऊक नव्हतं. काल वकीलबाईंनी ते दाखवले. त्यात आपला बगळा आहे. अर्ज दुकानदारकाकांचा. ज्यांच्या दुकानातून आपला माल इथं विकला जातो आणि ज्यांच्या माडीवर मी राहते, तेच.

दुसऱ्या कुणाचा बगळा असेल अशी शंकाही घेता येत नाही. आजोबांनी काढलेला, किटलीला पाय फुटल्यासारखा पक्षी जगात आणखी कुणाला सुचणार नाही. अर्जासोबत त्यांनी पोलादी ठशाचा फोटो जोडलाय. तूच दिलेला तो ठसा. ज्याचं काम मनासारखं उतरतं त्या कारागिराच्या हातात तू ठसा ठेवतेस, म्हणजे तो घरचा झाला. काका कारखाना पाहायला आले तेव्हा त्यांनाही दिलास, आणि कात्रीचा स्क्रूही न पिळलेल्या माणसाला ठसा कशाला, म्हणून आम्ही हसलो होतो. त्यांनी अर्जात लिहिलंय की घराण्यानं चिन्हच त्यांना देऊन टाकलं.

नोंदणी त्यांच्या नावावर झाली तर आपल्याच कात्र्या इथं त्यांच्या परवानगीनं विकाव्या लागतील. पेट्या बंदरातच अडकतील. मुदतीत हरकत घेतली तर हे थांबवता येईल. पण हरकतीची नोटीस त्यांनाच जाणार, आणि मी त्यांच्याच घरात जेवते. काकू प्रेमानं वाढतात आणि मी अर्धं ताट तसंच ठेवून उठते. काय करू ते लिही. उत्तर वकीलबाईंच्या पत्त्यावर पाठव.

तुझी माया आहेच; सध्या जरा जास्त लागतेय.

तुझी,
बारकी


१३ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

तू लहानपणापासून भित्री. दार नीट लागलंय का ते पाहायला पुन्हा पुन्हा उठणारी. म्हणून आधी वाटलं, हिनं काहीतरी उलटसुलट वाचलं असेल. मग तुझ्या बाबांनी पत्र पुन्हा वाचून दाखवलं, तेव्हा हातातली कानस खाली ठेवली.

तुझ्या दुकानदारकाकांना मी भाऊ म्हटलं, सख्ख्या भावासारखं मानलं. पाठीमागून काही करणं आपल्याला शोभत नाही, म्हणून त्यांनाही सरळ पत्र टाकलंय, की अर्ज का केलात ते पोरीला समोर बसवून सांगा. समोरासमोर माणूस खोटं बोलत नाही.

आणि बोललेच, तर बगळा सोडून दे. दुसरं चिन्ह निवड. ससा घे, मासा घे. तुझे बाबा म्हणतात किटलीच घ्या, गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही. चेष्टा करतात, पण सकाळपासून त्यांच्या हातून एक पातं सरळ घासलं गेलेलं नाही. कारखान्यातली निम्मी माणसं तिकडे जाणाऱ्या मालावर आहेत हे मला कळतं. पण तू परक्या घरात एकटी आहेस. चिन्ह पुन्हा काढता येतं.

जेवत जा. आणि पत्राला उशीर करून माझा जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी आत्या


२४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

तू त्यांना लिहिलेलं पत्र मला लिहिलेल्या पत्राच्या आधी पोचलं. काका माडीवर आले, दार लोटलं आणि खुर्ची दाराला लावून बसले. रागावले नाहीत. चहा घेतेस का, असं विचारलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले की दुकानोदुकानी ते फिरले, नाव त्यांनी कमावलं. आपण काय, नुसत्या कात्र्या केल्या. मग एक कागद पुढे सरकवला. चिन्ह राजीखुशीनं कायमचं दिलं, असं मी घरच्या वतीनं मान्य करायचं.

"कर सही, पोरी. इथं तुला माझ्याशिवाय आहे कोण?"

आमच्याकडे आत्याला विचारल्याशिवाय खिळाही ठोकत नाहीत, असं मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. ते हसले आणि उद्या सांग म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाइकात असताना मी बॅग घेऊन मागच्या जिन्यानं उतरले. काकूंनी पाहिलं. माझा वाळत घातलेला स्वेटर आणून दिला. आता वकीलबाईंनी शोधून दिलेल्या खोलीत आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की कडी लागलीय ना ते पाहायला उठते.

तू सांगितलंस म्हणून ससा आणि मासा काढून पाहिले. शिंप्यांच्या गल्लीत नेऊन दाखवले. पातं कसं आहे हे कुणी विचारलं नाही. बगळा कुठं गेला, एवढंच. आपण ससा घेतला तर काका बगळ्याखाली कुणाच्याही कात्र्या विकतील, आणि पातं बोथट निघालं की शिव्या आपल्याला बसतील.

म्हणून तुझ्याकडून एक अवघड गोष्ट हवी आहे. ठसा देणं म्हणजे आपल्या मालावर उमटवायची मुभा, मालकी नव्हे, असं प्रतिज्ञापत्र करून पाठव. भाऊ म्हटलेल्या माणसाविरुद्ध सही करावी लागेल. ते मागाहून जोडता येतं, पण हरकत थांबू शकत नाही. ती मी तुझं उत्तर येण्याआधीच घेणार आहे, तुला न विचारता. रागव हवं तर, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
बारकी

ता. क. हरकत घेण्याचा दिवस लिहायचं टाळत होते; एकदा लिहिला की मागे फिरता येणार नाही. सोमवार, २ मार्च.