हवेतली वाट

१२ सप्टेंबर

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका शीतगृहाचा व्यवस्थापक आणि इथल्या गिर्यारोहण मंडळाचा चिटणीस. रोजनिशीची सवय नाही. पण पुढच्या महिन्यात समितीपुढे माझी साक्ष आहे. तोवर माझ्याच मनाने माझ्या सोयीची जुळवाजुळव करू नये, म्हणून जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवणार आहे.

प्रकरण असे. शिखराच्या पायथ्याशी मंडळाची दगडी झोपडी आहे. शेवटची वस्ती आणि ती झोपडी यांच्यामध्ये कुऱ्हाड न लागलेले जंगल आहे. एका कंपनीला त्यातून झोपडीपर्यंत मोटाररस्ता न्यायचा आहे. नियम असा की जंगलात वहिवाट असेल तर ती रुंद करता येते. नसेल तर जंगल कायमचे राखीव. वहिवाटीचा पुरावा म्हणून कंपनीने छायाचित्रे जोडली आहेत. बर्फात उभी झाडे, आणि झाडांना छातीच्या उंचीवर बांधलेल्या लाल फिती.

फिती माझ्या आहेत. गाठसुद्धा माझी!

बर्फ पडू लागले की आपलीच पावले मिटतात आणि उतरताना जंगल अनोळखी होते. म्हणून फिती. बोका आणि मी दर हिवाळ्यात जातो. विरलेली फीत सोडतो आणि त्याच झाडाला नवी बांधतो. आमच्याइतकी नेमाने बांधलेली वाट दुसऱ्या कुणाची नसेल, असा मला अभिमान होता.

१४ सप्टेंबर

बोका येऊन गेला. शाळेपासूनचा मित्र, मोटारदुरुस्तीचे दुकान आहे. कुठूनही पडला तरी चार पायांवर उतरतो, म्हणून बोका. गेल्या हिवाळ्यात मात्र तो वस्तीजवळ साध्या उतारावर घसरला आणि उजवा गुडघा कायमचा गेला. डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितला आहे.

त्याला रस्ता हवा आहे. कंपनीने त्यालाही साक्षीला बोलावले आहे. आडून बोलणे त्याच्या स्वभावात नाही. बूट काढायच्या आतच त्याने ते सांगून टाकले.

"आपण चाललो की नाही तिथून? चाललो. मग वहिवाट आहे. संपला विषय."

मी म्हटले, रस्ता झाला की ते जंगल जंगल राहणार नाही.

"आणि नाही झाला तर माझं काय राहणार? गाडीतून का होईना, मला एकदा त्या झोपडीच्या उंबऱ्यावर बसायचंय. शिखर समोर, हातात चहा. एवढंच."

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, माझ्याकडून खोटे बोलले जाणार नाही याची त्याला खात्री आहे. शाळेत खोटे बोलायला लागलो की माझे कान लाल व्हायचे, अजूनही होतात.

१५ सप्टेंबर

शीतगृहात पाहणी. नळ्यांवर हिमाची पिसे उगवली होती. हात लावला नाही. कुणाची तरी झोपमोड होईल असे वाटले.

२१ सप्टेंबर

समितीपुढे "नाही" म्हणालो तर खोटे. "होय" म्हणालो तर जंगल गेले. आठवडाभर हाच घोळ. आज जेवताना हिला सगळे ऐकवले. ही ताटावरून न उठता शेवटपर्यंत ऐकत राहिली. एरवी डोंगराचा विषय निघाला की हिला हमखास स्वयंपाकघरात काम आठवते.

मग म्हणाली, "अहो, इतकी वर्षं जाता, पण बर्फ नसताना ती झाडं दिसतात तरी कशी?"

मी घास हातात धरून बसलो. मला माहीत नव्हते! आम्ही हिवाळ्यातले गिर्यारोहक. बर्फ नसलेला डोंगर म्हणजे नुसता चढ, असे आम्ही तरुणपणी थट्टेने म्हणायचो. पुढे थट्टेचा नियम झाला आणि नियमाकडे पुन्हा वळून पाहायचे राहून गेले.

"बघून तरी या," ही म्हणाली. "आंधळ्याने साक्ष द्यावी तसं नको."

२९ सप्टेंबर

जंगलात जाऊन आलो. शब्द नीट निवडून लिहितो.

बरोबर वनरक्षक बाई होत्या. वसंतातच बदलून आल्या आहेत, वयाने माझ्या लेकीएवढ्या; मला काका म्हणतात. वस्ती ओलांडली आणि शिरलो. पहिली फीत दुबेळक्याच्या, म्हणजे दोन फांट्यांत फुटलेल्या, झाडाला असते. ते झाडच सापडेना. खोडे, शेवाळे, खोडे. सगळी अनोळखी. बऱ्याच वेळाने कळले की मी आजवर या झाडांना कमरेपासून वरच पाहिले होते. त्यांची पावले मी कधी पाहिलीच नव्हती.

फिती कुठेच नाहीत. छातीच्या उंचीवर एकेक खोड हाताने चाचपले. मनात नको ते आले: बोक्याने कुणाकडून तरी काढवून घेतल्या असतील? पण त्याला तर त्या हव्या आहेत. मग कंपनीने? तिलाही हव्याच आहेत. माझा तर्क वर्तुळात फिरू लागला. पायांचेही तेच चालले होते; खाली माणसाएवढे धोंडे, त्यांच्यामध्ये काळ्या भेगा, भेगांत पाणी. एक ओढा तर इतका खोल की बाईंनी मला हाताला धरून मागे ओढले. या ओढ्यावरून मी दर हिवाळ्यात शीळ घालत चालत गेलो आहे!

दमून शेवाळावर आडवा झालो, टोपी तोंडावर घेणार, तोच दिसली.

वर. खूप वर. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तरी हात पुरणार नाही, अशा उंचीवर एक लाल फीत हळूच हलत होती. पलीकडे दुसरी. तिच्यापुढे तिसरी. पानांमधून उजेड झिरपत होता आणि त्यात ती सगळी रांग हवेतून डोंगराकडे चालली होती. माझी वाट! मी तिच्या तळाशी पडलो होतो, तळ्याच्या तळाशी पडलेल्या माणसाने वरून जाणाऱ्या होडीकडे पाहावे तसा. वाटले, वर आत्ता बोका चालला असेल, पुढे मी असेन, आणि आम्हा दोघांना खाली कोण निजले आहे याचा पत्ताही नसेल.

बाई म्हणाल्या, "त्या तुमच्या होय? मी आल्यापासून म्हणतेय, हा कुठला पक्षी घरटं सोडून रिबिनी बांधत फिरतो!"

मी हसलो. मग डोळे भरून आले. शेवाळावर पडल्या पडल्याच.

३० सप्टेंबर

अंगभर शेवाळाचा वास. सदरा धुवायला टाकला नाही.

११ ऑक्टोबर

साक्ष झाली.

लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर जंगलाचा नकाशा. कंपनीच्या वकिलांनी छायाचित्र पुढे केले आणि विचारले की ही फीत तुमचीच ना. होय. या वाटेने तुम्ही वर्षानुवर्षे चाललात ना. होय. माझे कान गार होते. समितीच्या अध्यक्ष बाई चष्म्यावरून पाहत होत्या.

"म्हणजे वाट आहे," वकील म्हणाले.

"आहे," मी म्हणालो. "पण ती जमिनीवर नाही. बर्फावर आहे. बर्फ वितळलं की ती दोन पुरुष उंच हवेत असते. तिच्याखालच्या जमिनीला आमचं पाऊल कधी लागलेलं नाही. तुम्हाला ती वाट रुंद करायची असेल, तर रस्ता झाडांच्या फांद्यांमधून न्यावा लागेल."

कुणीतरी हसले. अध्यक्ष बाई हसल्या नाहीत. वनरक्षक बाईंनी झाडाखाली उभे राहून काढलेली छायाचित्रे त्यांनी मागवली आणि पुष्कळ वेळ पाहिली. मग बोक्याला विचारले, हे खरे का.

बोका काठीवर उभा राहिला. त्यालाही त्या क्षणापर्यंत हे ठाऊक नव्हते. तो छायाचित्राकडे पाहत राहिला. तोंड किंचित उघडे, लहानपणी सर्कशीत झुल्यावरच्या माणसांकडे पाहायचा तसे.

"चिटणीस खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "तीच तर त्याची खोड आहे."

बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता गेला. काठीचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत ऐकला.

२ नोव्हेंबर

निकाल. वहिवाट नाही. जंगल राखीव, कायमचे! मंडळाने यापुढे खुणा बांधायच्या नाहीत. आहेत त्या बर्फ भरले की उतरवायच्या, कारण बर्फावाचून तिथे हातच पोहोचत नाही. वनरक्षक बाईंनी फोनवरून कळवले. त्यांचा आवाज नाचत होता.

बोक्याला फोन केला. उचलला नाही. दुकानावर गेलो, पाना हातात घेऊन गाडीखाली शिरलेला होता, माझा आवाज ऐकूनही बाहेर आला नाही. मी त्याच्या बुटांशी थोडा वेळ बोललो आणि परतलो.

जंगल वाचले आणि त्याचा उंबरा गेला. दोन्ही एकाच वाक्याने, माझ्या.

१९ डिसेंबर

स्वप्न. बोका फितींच्या रांगेतून चालला आहे, पायांखाली काही नाही. मी खालून ओरडतो, खाली बघू नकोस. तो म्हणतो, खाली तूच आहेस, दुसरं काय बघायचं.

६ जानेवारी

वस्तीतल्या वनचौकीत बसून घाईने लिहितो आहे. बर्फ भरपूर, आकाश दुधाळ. फिती उतरवायला एकटाच आलो. बेत असा की जाताना असू द्याव्यात, परत येताना सोडत यावे. कोणीही शहाणा माणूस असेच करील.

पण दुबेळक्याच्या पुढच्या झाडापर्यंत जाऊनच चौकीत परत फिरलो. दुबेळक्याला फीत नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. कापलेली नाही, सोडलेली आहे. गाठीच्या जागी सालीवर फिकट वळ. आणि बर्फात पावले. डावे खोल, उजवे नुसते टेकलेले, शेजारी काठीचे भोक. आत गेलेली आहेत. बाहेर आलेली नाहीत.

वनरक्षक बाई काल गस्तीवर होत्या. कोण गेले हे त्यांनी पाहिले नाही. मला पाहण्याची गरज नाही. त्या वस्तीत माणसे जमवून उद्या सकाळी माझ्यामागून येतील. बर्फ पडू लागले आहे. निघतो.

७ जानेवारी

काल अंधारायच्या आत झोपडी गाठली. धुराड्यातून धूर येत होता.

बोका उंबऱ्यावर बसला होता, पाय घोंगडीत गुंडाळून, शिखराकडे तोंड करून. म्हणाला, "उशीर केलास, चिटणीस. गुडघ्याला दगड सोसत नाहीत. बर्फ सोसतं. तूच तर समितीला सांगितलंस, आपली वाट मऊ आहे म्हणून."

मी विचारले, जातानाच फिती सोडल्यास, मग उतरायचे कसे?

"तू येणार, हे ठाऊक होतं की."

त्याने फितींचा गुंता माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, मोजून घे, नाहीतर तुला झोप यायची नाही.

मी मोजल्या नाहीत.

मागची पावले मिटली आहेत. सकाळी उतरू. वाट पाठ आहे.

— चिटणीस, शेजारी घोरणारा बोका साक्षी
दगडी झोपडी, शिखराचा पायथा
७ जानेवारी