पितळी भांड्यांची पेटी

४ सप्टेंबर
लिएन पहाटेच्या बसने सोलला गेली. म्हणे, काम आहे. कसलं काम? व्हिएतनामहून इथे कोरियात सून होऊन आली त्याला तीन वर्षं झाली, सोलमध्ये हिचं कोण आहे! गीचांगला विचारलं, तर म्हणतो, जाऊ दे ना आई. भोळा! शेहेचाळिसाव्या वर्षी कसंबसं लग्न झालंय. ही पळाली तर माझा मुलगा पुन्हा उभा राहायचा नाही.

तिचा पासपोर्ट मात्र ती आली त्याच आठवड्यात मी काढून ठेवलाय. पितरांच्या पूजेच्या पितळी भांड्यांच्या पेटीत, अगदी तळाशी, माझ्या रुमालात बांधून. ती पेटी सणालाच उघडते, आणि भांडी मीच घासते.

५ सप्टेंबर
परत आली. माझ्या गुडघ्यांसाठी औषधी पट्ट्या आणल्या. ही लाडीगोडी कशासाठी?

११ सप्टेंबर
गावच्या सभागृहात तिचा सत्कार झाला. ‘आदर्श परदेशी सून’! फुलं, फोटो, टाळ्या. ती लग्न होऊन आली तेव्हाही वेशीवर स्वागताचा फलक लावला होता. आज सगळ्या म्हाताऱ्या तिच्या भातावर मासे काटे काढून ठेवत होत्या — खा गं, किती वाळलीस!

ती भांडी विसळायला आत गेली आणि शेजारची मालजा माझ्या कानाशी लागली. "पासपोर्ट नीट ठेवलायस ना? गोड बोलणाऱ्याच पळतात बघ."

मी मान डोलावली. लाज वाटली. पण पेटी आठवली आणि धीर आला.

२४ सप्टेंबर
पुन्हा सोल! संध्याकाळी फोनवर हळू आवाजात बोलत होती, मी गेले तशी गप्प झाली. मग न राहवून विचारलंच, "जायचं असेल तर तोंडावर सांग."

ती म्हणाली, "आई, छुसोकच्या सणाला पितरांची पितळी भांडी मी घासू?"

"नको. ती माझी मी घासते."

२ ऑक्टोबर
छुसोक चार दिवसांवर आला. पेटी उघडली. भांडी लखलखीत! एकेक वाटी कागदात गुंडाळलेली. तळाशी पासपोर्ट — एक नाही, दोन. जुना ऑगस्टातच मुदत संपलेला, कोपरा कापून रद्द केलेला. नव्यावर याच सप्टेंबरची तारीख आणि सोलच्या व्हिएतनामी वकिलातीचा शिक्का. दोन्ही माझ्याच रुमालात, माझ्यासारखीच गाठ मारून.

ती स्वयंपाकघरात तांदूळ धुते आहे. कोणत्या तोंडाने हाक मारू?