कोनाड्यापर्यंत पाणी

परभणी, सोमवार, फेब्रुवारी १९८९

बोरीच्या आमच्या विहिरीला ऐन उन्हाळ्यातही पाणी राहील, असं संगणकाने सांगितलंय. भूजलाचं काम बघणाऱ्या जोशीसाहेबांनी गेल्या आठवड्यात कागद दाखवून खात्री दिली. शिवाराचे चौकोन पाडून, ओढ्याचं पाणी जमिनीखालून कुठल्या विहिरीत किती झिरपतं, याचं गणित ते मशीनकडून करून घेतात. कागदावरची पातळी थेट विहिरीच्या भिंतीतल्या कोनाड्याला भिडलेली. किती बरं वाटलं! लहानपणी त्याच कोनाड्याला हात लावून आम्ही भाऊ परत पोहत यायचो.

त्या भरवशावर धाकटा बाळू मोसंबी लावायला निघालाय. आज संध्याकाळी आला तोच म्हणाला, "दादा, खड्डे खांदायलोय. तुझ्या मशीनच्या तोंडात साखर पडो!"

मी सहज विचारलं, साहेबांचा माणूस विहिरीचं पाणी मोजायला कधी येतो?

"बाजाराच्या दिवशी. तवाच जादा यष्टी असती की."

बाजाराच्या दिवशी सगळं गाव बाजारात, विहिरींवरची पाणी उपसायची इंजनं बंद. म्हणजे त्या माणसाला उपसा कधी दिसलाच नाही. आणि मला? लहानपणी मोटाही त्याच दिवशी थांबायच्या, म्हणून तर वडील पोहू द्यायचे. मला आठवते ती भरलेली विहीर बाजाराच्या दिवसाचीच. एरवी कोनाडा कोरडाच असणार ना?

बाळूला सांगितलं. "आरं देवा! रोपं तर सांगून बसलोय."

साहेबांना फोन केला. आधी हसले, मग त्यांनाही पटलं. उद्या इंजनं चालू असताना ते स्वतः येऊन मोजणार, मग उपसा धरून गणित पुन्हा मांडणार. तोवर खड्डे थांबलेत.