माझं मत आणि विलासचं पेन

नाशिक, गुरुवार, दिवेलागण

आज मतदान घरी आलं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांकडे हल्ली अधिकारीच मतपत्रिका घेऊन येतात. मला केवढं अप्रूप! इस्त्रीचा सदरा घालून, चौथीच्या वर्गाला शिकवलेली कविता गुणगुणत सकाळपासून वाट बघत होतो.

कॉलेजला निघताना नात ऋता बापाशी भांडत होती. घटनादुरुस्ती करून मतदानाचं वय सोळा करावं, या बाजूनं ती वादविवादात बोलणार आहे. विलास हसला. "सोळाव्या वर्षी काय कळतं गं? कोणी सांगेल त्याला मत द्याल."

आणि ती गेल्यावर, अधिकारी आले तेव्हा हाच विलास म्हणाला, "दादांना दिसत नाही. त्यांच्या वतीनं मी खूण करतो."

मला दिसतं. चष्मा लावून अजून जुनी क्रमिक पुस्तकं वाचतो. मग बोललो का नाही? चारचौघांत मुलाला खोटं पाडायचं नव्हतं? की उद्याही याच्याच हातचं जेवायचं आहे म्हणून? मला दिसतं, एवढंच तर म्हणायचं होतं.

अधिकारीबाईंनी विचारलं, "चालेल ना, आजोबा?" मी मान डोलावली. विलासनं पेन घेतलं, पाकीट चिकटवलं. मतदाराच्या घोषणापत्रावर सही मात्र मी केली. बाई म्हणाल्या, "अक्षर किती सुरेख, गुरुजी!" कोणालाच काही खटकलं नाही.

संध्याकाळी ऋतानं विचारलं, "आजोबा, कोणाला दिलंत?"

"मत गुप्त असतं, बाळा," मी म्हणालो.

तिला ते पटलं. विलासनं कोणाला दिलं, हे मलाही माहीत नाही.