धोबी आला नव्हता

आबा, आज सकाळी पांझरेच्या काठी धोबी पक्षी दिसला. भादव्यातलं कोवळं ऊन, पाण्यावर विरत चाललेलं धुकं, आणि ओल्या दगडावर शेपटी खालीवर करत तो एकटाच चालत होता. मी कितीतरी वेळ उभी राहिले. मग वाटलं, हे तुम्हाला लिहावं.

भुसावळच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमागच्या नळापाशी तो दरवर्षी यायचा. तुम्ही रुळांची तपासणी करून, खांद्यावर हातोडा टाकून परत यायचात आणि घरात शिरायच्या आधी नळाकडे बघायचात. एकदा डाळ निवडताना मी त्याला खडा मारला. तुम्ही कधी रागवायचा नाहीत, त्या दिवशी रागावलात. "तेले हाकलू नको. पाव्हना शे तो." साक्रीकडची अहिराणी तुम्ही भुसावळात तीस वर्षं राहूनही सोडली नाहीत.

मग साखरेच्या आजारानं तुमचे डोळे गेले. शेवटच्या भादव्यात रोज सकाळी तुमचा एकच प्रश्न असायचा, "पोरी, धोबी उना का?" मी रोज बाहेर जाऊन बघायची आणि नाही म्हणायची. एका सकाळी, रात्रभर जागून थकलेली मी, चुलीपासून न हलताच म्हणाले, "आला, आबा."

तुमचा चेहरा असा उजळला की शब्द मागे घेता येईना. तुम्ही पायरीवर बसवायला सांगितलंत. नळाकडे तोंड करून, मान थोडी तिरकी ठेवून तुम्ही ऐकत बसलात. हातातला चहा निवला. ऊन गुडघ्यांवर आलं, पायांवरून उतरून गेलं. आत आणताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "औंदा तो बोलस नही. दूरथून येल शे, थकी गया व्हई."

आठवड्याच्या आत तुम्ही गेलात. तिसऱ्या दिवशी अंगणभर माणसं बसलेली असताना तो खरंच आला, आणि दारातल्या चपलांमधून निवांत फिरत राहिला. कोणाचं लक्ष नव्हतं. मीही कोणाला दाखवला नाही.

हा कागद मी वहीतच ठेवणार आहे. पण आबा, त्या सकाळी मी खरं सांगितलं असतं, तर त्याची वाट बघत तुम्ही आणखी थोडे दिवस थांबला असता, असं मला अजून वाटतं.