छत्र्यांचा भाग

माय,

आज रविवार, १५ नोव्हेंबर १९९८. सकाळी पाणी भरलं, पिंप्राळ्यातून मेथी आणली आणि दुपारपर्यंत टीव्हीसमोर बसून राहिले. शुक्रवारी लायब्ररीतून व्हीसीआर आणि सहा कॅसेटी भाड्यानं आणल्या होत्या. आबा दर आठवड्याला पाहायचे ती हिंदी मालिका, म्हातारे आजोबा आणि त्यांच्या भरल्या घराची, ती आता कॅसेटवर निघाली आहे. तीन दिवसांत मी सगळी पाहिली. मी इतका वेळ एका जागी बसले हे तुला खरं वाटणार नाही.

याला कारण काका. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून ते सध्या मेहरूणला मुलाकडे आहेत. दिवाळीनंतर भेटायला गेले, तर डोळ्यांवर पट्टी असूनही माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला. म्हणाले, "उनी का आमनी सपनवर शिकेल पोर?" सगळे हसले. बारा वर्षं झाली, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हे स्वप्नावर शिकल्याचं वाक्य मी ऐकते आहे. मग म्हणाले, "कॅसेटी निंघन्या म्हने. आते तो भाग देख आनि सांग माले. मन्हा डोया बंद शेतस, कान उघडा शेतस." मी बरं म्हटलं. तू असताना त्यांना कधी उत्तर दिलं नाही, तुझ्यामागंही दिलं नाही.

त्या दिवसांचं मला सगळं आठवतं. गावात दोनच टीव्ही. एक आपल्या ओसरीवर आणि दुसरा सरपंचाकडे, ज्यांच्याशी आबांचं बोलणं नव्हतं. रात्री मालिका लागायची वेळ झाली की आबा खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घालत. पडद्यावरच्या आजोबांसमोर बोडक्यानं बसणं त्यांना बरं वाटत नसे. जणू सोयरा घरी आला आहे. बांधाच्या भांडणात गावकरी आबांकडे यायचे, तेव्हा आबा त्या आजोबांचे दाखले द्यायचे आणि लोक ऐकायचे. तू मात्र सासऱ्यासमोर बसायचं नाही म्हणून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून पाहायचीस. तिथून पडद्याची उजवी बाजूच दिसायची. डाव्या बाजूला कोणी बोललं तर तू आवाजावरून ओळखायचीस. भाकरी तव्यावर असायची, पण तुझी कधी करपली नाही.

माझी बारावी झाली आणि काकांनी स्थळ आणलं. मुलगा बरा होता, शेती बरी होती. मला जळगावच्या कॉलेजात जायचं होतं, हे फक्त तुला माहीत होतं. वडील आबांपुढे तोंड उघडत नसत. त्या संध्याकाळी सगळे ओसरीवर होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तू दाराआडून पदर सावरत बोललीस. लग्न होऊन वीस वर्षांत तू आबांशी आपणहून बोललेली मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आबा, टीव्हीमा बी त्या आजानी नातले शिकाले धाडं."

आबा वळले. "कव्हय? मी तं बठ्ठं देखेल शे."

"तुम्ही चाळीसगावले व्हतात ना, त्या दिन."

खरंच, महिन्याभरापूर्वी आम्ही सगळे आत्याच्या घरी साखरपुड्याला चाळीसगावला मुक्कामी गेलो होतो. म्हैस विणार होती म्हणून तू एकटी मागे राहिलीस. घरात पुरुषमाणूस नाही म्हणून गल्लीतलंही कोणी त्या दिवशी टीव्ही पाहायला आलं नव्हतं. आबांचा तेवढा एकच भाग चुकला होता आणि त्याची त्यांना हळहळ होती.

"काय म्हने तो?" आबांनी विचारलं.

तू सांगितलंस. टीव्हीतल्या आजोबांनी आधी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग ते म्हणाले, "पोरले घरमा कोंडीसन घर मोठं व्हत नही." नातीनं ट्रंक भरली, आजीनं लाडवांचा डबा दिला, आणि आजोबा तिला स्टेशनवर सोडायला स्वतः गेले. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ले सपन पडनं व्हई." पण आबांनी त्यांना हातानं गप्प केलं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते वडलांना म्हणाले, "तो जर नातले शिकाले धाडस, तं मी का बरं मांगे राहू?" जूनमध्ये मला जळगावला सोडायला आबा स्वतः आले. तू दिलेला लाडवांचा डबा 'आईनं दिला' म्हणून मी मैत्रिणींना दाखवायचे.

आज सकाळी तो भाग सापडला. ओळखायला अवघड गेलं नाही, कारण त्याच्या आधीचा, कवळी हरवल्याचा, आणि नंतरचा, जावई रुसल्याचा, दोन्ही आबांनी आपल्याला शंभर वेळा ऐकवले होते. मध्ये एकच भाग आहे. त्यात आजोबा स्वस्त मिळाल्या म्हणून चार डझन छत्र्या घेऊन येतात आणि घरभर त्या लपवत फिरतात. नात दोनदा दिसते. एकदा दार उघडते, एकदा शिडी धरते. ट्रंक नाही, स्टेशन नाही, लाडू नाहीत. मी पुढच्या-मागच्या सगळ्या कॅसेटी पुन्हा तपासल्या. नात शेवटपर्यंत घरातच आहे.

मी टीव्ही बंद केला आणि मग मला ते आठवलं. चाळीसगावहून आम्ही सकाळी परत आलो तेव्हा पारडू गोठ्यात उभं होतं आणि तू सगळ्यांदेखत सांगितलंस की आदल्या दिवशी दिवेलागणीपासून मध्यरात्री म्हशीची वार पडेपर्यंत तू गोठ्यातून हलली नाहीस. आबांनी ऐकलं, काकांनी ऐकलं, मी ऐकलं. तू टीव्ही लावलाच नव्हतास. म्हशीबद्दल तू बोललीस आणि टीव्हीबद्दल तू बोललीस, पण बारा वर्षांत ही दोन बोलणी कोणी एकाजवळ एक ठेवून पाहिली नाहीत. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, माय. केळीच्या बागांतली माती पिशव्यांतून येते, आणि तिच्यात काय आहे नि काय नाही एवढंच मी दिवसभर पाहते. तरी हे मला दिसलं नाही.

चष्मा काढून पुसायची त्या आजोबांची सवय मात्र खरी आहे. प्रत्येक भागात ते तेच करतात. तू दाराआडून अर्धा पडदा पाहिलास आणि तेवढ्यावर अख्खा भाग रचलास, ज्यांना टोपी घालून ऐकलं जायचं त्यांच्या तोंडी घातलास, आणि आबांसारख्या माणसानं तो पाळला. मालिका लिहिणाऱ्यांना नातीसाठी शिडी सुचली. तुला स्टेशन सुचलं.

चार वाजता काकांना फोन केला.

"सापडना का?"

"सापडला."

"मंग?"

"आहे तसाच. चष्मा पुसतात आणि म्हणतात, पोरले घरमा कोंडीसन घर मोठं व्हत नही."

"हिंदीमा?"

"हिंदीमा."

 मग ते म्हणाले, "मंग वहिनी खरी निंघनी." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बारा वरीस मी उगाच बोलत ऱ्हायनू. पट्टी निंघनी का माले बी दखाड." मी सांगितलं, लायब्ररीवाला उद्याच कॅसेटी परत मागतो आहे.

कामावर मी आजवर एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. आज खोटं बोलले तेव्हा आवाज जराही हलला नाही. तुझाही तेव्हा हलला नव्हता.

एक सांगायचं राहिलं. काका हसायचे तेव्हा मी गप्प राहायचे, ते त्यांचा मान राखायचा म्हणून नव्हे. मला आतून वाटायचं की त्यांचंच बरोबर आहे, तुला डुलकी लागली असेल आणि मी कुणाच्या तरी स्वप्नावर शिकले. याची मला लाज वाटायची, म्हणून तुला कधी विचारलं नाही. झोपेत असलं काही सुचत नाही, हे आज कळलं. त्यासाठी माणूस पूर्ण जागं असावं लागतं.

कॅसेटी रिवाइंड करून द्याव्या लागतात. पाच झाल्या. आता सहावी लावते.